कवला ओळखावा पाठीमागून

भाद्रपदात साताऱ्याहून कासच्या पठारावर पोचलं की लांबून सगळं पिवळंच दिसतं. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं, बाराशे मीटर उंचीचं हे जांभ्याचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. त्या पिवळ्यात वेगवेगळी घराणी एकमेकांत मिसळलेली असतात. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली. तिचं एक फूल म्हणजे खरं तर इवल्या फुलांची परडीच. कवला मात्र शेंगवर्गातला. त्याची एक मोठी पाकळी पताकेसारखी उभी असते आणि तिच्या बुडाशी दोन लाल ठिपके असतात. शहरातून आलेली मुलं त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात.

सोनकी आणि कवला वेगळे काढणं सोपं आहे. खरी पंचाईत पुढे होते, कारण कवला एक नाही. शास्त्रात या प्रजातीला ‘स्मिथिया’ म्हणतात. लंडनच्या लिनियन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून हे नाव १७८९ मध्ये पडलं. आपल्या सह्याद्रीत तिच्या अनेक जाती आहेत. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले निकोल डालझेल यांनी त्यांतल्या काहींना शास्त्रीय नावं दिली. सहलेखक गिब्सन यांच्यासोबतचा त्यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ चा. एका जातीला वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव आहे, ‘आघारकरी’. पुण्यातल्या विज्ञानवर्धिनीची १९४६ ची संशोधन संस्था १९९२ पासून ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे आघारकर.

लॅटिन नावांना बिचकायचं कारण नाही, कारण ओळखीची पहिली खूण त्यांतच दडलेली असते. ‘पर्प्युरिया’ म्हणजे जांभळा. याची फुलं खरोखरच जांभळी, वर पांढरे डाग. पिवळ्या भावंडांत हा लगेच उठून दिसतो. ‘हिर्सुटा’ म्हणजे केसाळ. ‘सेट्युलोसा’ म्हणजे बारीक राठ केसांचा. हा उंच वाढतो. ‘सेन्सिटिव्हा’ म्हणजे लाजरा. हात लागला की पानं मिटतो. आणि ‘बायजेमिना’ म्हणजे दोन जोड्यांचा.

ही जोड्यांची खूण आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. भुईमुगाचं पान आठवा: एका देठावर समोरासमोर दोन जोड्या, चार पर्णिका, टोकाला एकटी पर्णिका नाही. बायजेमिनाचं पान तसंच. त्याच्या भावंडांत जोड्या वाढतात, पण टोकाची एकटी पर्णिका तिथेही नसते. हे साम्य योगायोगाचं नाही. शेंगवर्गातल्या एकाच शाखेवर भुईमूग आणि कवला हे दोघे नातलग आहेत. भुईमुगाचं पिवळं फूल एकदा जवळून पाहिलंत, तर कवल्याचा चेहरा ओळखीचा वाटेल.

पण चेहऱ्यावर फार विसंबू नये. पिवळा रंग आणि लाल ठिपके यांवरून ‘कवला’ इथपर्यंत पोचता येतं. कोणता कवला, हे फुलाच्या पाठीमागे लिहिलेलं असतं. पाकळ्यांना खालून धरणारी हिरवी वाटी म्हणजे निदलपुंज. तिच्यावरच्या शिरा भिंगातून पाहाव्यात. लाजऱ्या कवल्याच्या वाटीवर ज्वारीच्या पानासारख्या जवळजवळ, समांतर रेषा दिसतात. केसाळ कवल्याच्या वाटीवर शिरा एकमेकींना मिळून जाळी करतात, वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखी. मग वाटीवरचे केस पाहावेत, पानातल्या जोड्या मोजाव्यात, फुलं सुटी आहेत की गुच्छात हे बघावं. एकाच खुणेवर निकाल देऊ नये; निदान तीन खुणा जुळाव्या लागतात.

म्हणून फोटो काढताना पाकळ्यांच्या जोडीने एक फोटो पाठीमागून, वाटीचा घ्यावा आणि एक पानाचा. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून जाणकारही नाव सांगायला कचरतो. फूल मात्र तोडायचं नाही. गुडघे टेकायचे आणि भिंग खाली न्यायचं. पायाखाली रोप येणार नाही, एवढं पाहायचं.

कवला काही कासपुरताच नाही, पण सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीच्या कोरड्या माळावर हा शोध घेण्यात अर्थ नाही. जांभ्याची अशी पठारं, म्हणजे सडे, पाहायचे तर शिराळ्याकडून चांदोलीच्या अंगाला जावं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातला झोळंबीचा सडा अभ्यासकांच्या माहितीचा आहे. सड्यावर माती बोटभर, पावसाळ्यात पाणी उदंड आणि पाऊस सरला की नुसता तापलेला दगड. अशा ठिकाणी शेंगवर्गाच्या मुळांवरच्या गाठी कामी येतात: त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून रोपाला देतात.

कोकणात पावसाच्या सुरुवातीला कवल्याची कोवळी पानं खुडून भाजी करतात. तेव्हा त्याला फूल नसतं आणि ठिपकेही नसतात. खुडणारीची नजर पानावरच कवला ओळखते.

हंगाम सरला की पठारावरचा पिवळा रंग उतरतो. पाकळ्या गळून जातात, पण कवल्याची वाटी गळत नाही. ती वाळते, खडबडीत होते आणि तिच्या आत पेरापेरांची शेंग घडी घालून बसलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत पठारावर गेलात तर ‘आता काय बघायचं?’ म्हणून मागे फिरू नका. वाळल्या काडीवरची ती वाटी उन्हाकडे धरून पाहा. रेषा समांतर आहेत की जाळीदार, हे तेव्हाही दिसतं.