माशीमार कुळातील ‘शोलाकिळी’ : उशिरा ओळख पटलेली प्रजाती

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, साधारण १,४०० मीटरहून उंच डोंगरांवरील गवताळ माळांच्या घळींत बुटक्या सदाहरित वृक्षांची जंगले आढळतात. त्यांना ‘शोला’ म्हणतात. या जंगलांच्या दमट, अंधाऱ्या तळाशी वावरणारे दोन निळसर पक्षी शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. त्यांचे गोत्र मात्र २०१७ मध्ये निश्चित झाले.

तोवर त्यांना कधी ‘शॉर्टविंग’, तर कधी ‘रॉबिन’ गटात टाकले जात होते. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन, सुषमा रेड्डी आदी संशोधकांनी केलेल्या डीएनए तपासणीत हे पक्षी या दोहोंपेक्षा निळ्या माशीमारांना अधिक जवळचे असल्याचे आढळले. त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’, म्हणजे शोलानिवासी, ही नवी प्रजाती स्थापन झाली. ‘शोलाकिळी’ या प्रचलित नावातील ‘किळी’ हा शब्द दाक्षिणात्य भाषांतला. माशीमार कुळातले असूनही हे पक्षी हवेत झेपावून माशा टिपण्यापेक्षा जमिनीलगतच्या झुडपांत कीटक शोधतात.

पालघाट खिंडीच्या उत्तरेस, निलगिरी व लगतच्या डोंगरांत तांबूस कुशींची निलगिरी शोलाकिळी राहते; दक्षिणेस अन्नामलाई, पळणी भागात पांढऱ्या पोटाची. सुमारे ३० किलोमीटर रुंदीची ही सखल खिंड डोंगरी पक्ष्याला समुद्रासारखीच. आणखी दक्षिणेकडील, शेंकोट्टा खिंडीपलीकडच्या अशांबू डोंगरांतील पक्षी ही तिसरी जाती असल्याचे याच संशोधकांचे मत आहे. काही पक्षीसूची मात्र तिला उपजातीच मानतात.

नैसर्गिक खिंडींना माणसाने आणखी भर घातली. ब्रिटिश काळापासून चहाचे मळे, पुढे निलगिरी व वॉटल वृक्षांची लागवड यांमुळे शोला जंगलांचे तुकडे झाले. पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीवरील जनुकीय अभ्यासात अलीकडच्या या तुटकपणाचाही परिणाम दिसून आला आहे. आययूसीएनच्या लाल यादीत या पक्ष्यांची नोंद धोक्यातील जातींमध्ये आहे. तापमान वाढल्यास वर सरकण्यासही त्यांना फारशी जागा नाही, कारण त्यांचा अधिवास आधीच माथ्यालगत आहे.

परकी झाडे तोडणे हा उपाय सरळ वाटतो. माळरानावर पसरणाऱ्या वॉटलबाबत तो योग्यही ठरतो. परंतु पळणी डोंगरांत काही जुन्या लागवडींच्या सावलीत शोला वृक्षांची रोपे आपोआप वाढू लागली आहेत. तिथे सरसकट तोड केल्यास ती रोपेही जातील.