डिअरहूफ: गोड चाल आणि खडखडाट, दोन्ही एकदम

आपण हेडफोन घेताना आधी बघतो नॉइज कॅन्सलेशन आहे का. म्हणजे गोंगाट ही काढून टाकायची गोष्ट. आजचा बँड तोच गोंगाट गाण्यात मुद्दाम घालतो. नाव डिअरहूफ, म्हणजे हरणाचं खूर.

१९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ड्रमर ग्रेग सॉनियर आणि रॉब फिस्क यांनी बँड सुरू केला. तेव्हा नुसता दणदणाट होता. १९९५ मध्ये जपानहून नुकतीच आलेली सातोमी मात्सुझाकी गायिका झाली. आधी ती कुठल्याच बँडमध्ये नव्हती, आणि आठवडाभरात थेट टूरवर!

खरी गंमत तिच्या आवाजात आहे. ती ओरडत नाही, आलंकारिक गात नाही. बडबडगीत म्हणावं तशी शांत, सरळ चाल म्हणते. तिच्याभोवती गिटार करकरतात, ड्रम्स मध्येच थांबतात, लय बदलते. पण कानाला धरायला ती सोपी चाल असते, म्हणून आपण हरवत नाही. गायिकाही किंचाळली असती, तर आपण दोन मिनिटांत बंद केलं असतं. आणि नुसती गोड चाल असती, तर उद्या विसरलो असतो.

पुरावा हवाय? २००४ चा त्यांचा ‘मिल्क मॅन’ अल्बम घ्या. अमेरिकेत मेन राज्यातल्या नॉर्थ हेवन बेटावरच्या शाळेतल्या मुलांनी २००६ मध्ये त्यावर चक्क बॅले केला. त्याच वर्षी डिअरहूफ रेडिओहेडच्या कार्यक्रमांत आधी वाजवत होते. शाळेतली मुलं आणि रेडिओहेडचे फॅन, दोघांनाही चालणारा गोंगाट! २०२३ चा ‘मिरॅकल-लेव्हल’ तर पूर्ण जपानीत आहे.

आता महत्त्वाचं. जून २०२५ मध्ये त्यांनी स्पॉटिफाय सोडायचं जाहीर केलं. कारण, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांची हेल्सिंग या लष्करी एआय कंपनीतली गुंतवणूक. आपल्या गाण्यांची कमाई युद्धाकडे वळू नये, हा मुद्दा. मोठ्या स्टारला हे परवडतं. लहान बँडला मात्र नवे श्रोते ॲपवरच सापडतात, त्यामुळे हा निर्णय महाग असतो.

म्हणून सर्चमध्ये दिसलं नाही म्हणजे गाणं नाहीच, असं समजू नका. बँडकॅम्पवर जा, ‘फ्रेंड ऑपॉर्च्युनिटी’ अल्बममधलं पहिलं गाणं ‘द परफेक्ट मी’ लावा. आणि हो, तेवढ्यापुरतं नॉइज कॅन्सलेशन विसरा. भेटू पुढच्या भागात!