‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’: फोन अडवतो तेव्हा

चंडीगडमध्ये सिग्नल तोडला की कॅमेरा टिपतो. या कॅमेऱ्यांच्या सेक्टर १७ मधल्या नियंत्रण केंद्राचं उद्‌घाटन मार्च २०२२ मध्ये झालं आणि मोबाइलवर येणारं चलान तिथल्या वाहनचालकांना नवं राहिलं नाही. नेमक्या याच सवयीवर टपून ‘आरटीओ चलान’ नावाची खोटी एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाइल) देशभर व्हॉट्सॲपवरून फिरते. फाइल बसली नाही आणि फोनने ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ असं दाखवलं, की लोक ती बसवण्याच्या युक्त्या शोधतात!

गैरसमज: इन्स्टॉल झालं नाही म्हणजे फोनमध्ये जागा नाही.

जागा हे एक कारण झालं. बऱ्याचदा अडतं ते सहीवर. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फोनमधल्या ॲपची सही एक आणि नव्या फाइलवर दुसरीच असेल, तर अँड्रॉइड अपडेट नाकारतं. म्हणूनच मूळ ॲपवर त्याची ‘मॉड’, म्हणजे दुसऱ्या कुणी बदललेली, आवृत्ती चढत नाही. नव्यावर जुनी आवृत्तीही चढत नाही. आधीचं काढून टाकलं तर वाट मोकळी होते, पण त्यातला डेटाही जातो. बॅकअप आधी घ्या. आणखी एक भानगड: ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरची नवी ॲप फोनला लागतील तेवढ्याच तुकड्यांत येतात. कुणी त्यातला एकच तुकडा पाठवला, तर तो एकटा चालत नाही.

गैरसमज: ‘पार्सिंग’चा दोष (फोनला फाइल वाचता न येणं) म्हणजे व्हायरस.

बहुधा नाही. डाउनलोड अर्धवट राहिलेलं असतं, किंवा ॲपला तुमच्यापेक्षा नवं अँड्रॉइड हवं असतं. उलटही घडतं: अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी बनवलेली ॲप अँड्रॉइड १४ घेतच नाही.

गैरसमज: प्ले प्रोटेक्ट (गूगलची ॲप तपासणारी सुरक्षा) उगाच आडवं येतं, बंद करून टाकावं.

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि सगळ्यांत घातक तोच. ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं ॲप एसएमएस वाचण्याची, नोटिफिकेशन पाहण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर ते थेट अडवण्याची सोय गूगलने २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केली. ओटीपी चोरायला याच परवानग्या लागतात. चलान दाखवायला तुमचे एसएमएस कशाला वाचायला हवेत?

गैरसमज: आयकॉन दिसत नाही, म्हणजे ॲप बसलंच नाही.

अशी काही चोरटी ॲप स्वतःचा आयकॉन लपवतात आणि मागे चालूच राहतात. शंका आली तर फोनचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यानंतर फॅक्टरी रीसेट.

चलान खरं की खोटं, हे केंद्र सरकारच्या ई-चलान संकेतस्थळावर पाहता येतं. त्यासाठी कुणी पाठवलेलं एपीके लागत नाही.