दुसरा अंगरखा कोणाचा?

दुर्गहून नागपूरच्या बाजूला गाडी निघाली की पहिले स्टेशन लागते रसमडा. भिलाईच्या पोलाद कारखान्याची धग इथवर पोचली आहे. भाताच्या शेतांना लागूनच लोखंडाचे कारखाने उभे आहेत. नोव्हेंबर सरता सरता धान कापून झालेले असते, सरकारी खरेदी सुरू असते, आणि रात्री हवा झोंबायला लागते. नेमक्या याच दिवसांत ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ सुरू होतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. वेदीवर जांभळे वस्त्र चढते, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. बाहेरच्या माणसाला ही नाताळाची पूर्वतयारी वाटते, म्हणजे केक, चांदणी, नवे कपडे. प्रत्यक्षात परंपरेने हा वाट पाहण्याचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ आहे. गरिबांसाठी दानपेट्या फिरतात, ब्लँकेटे वाटली जातात तीही याच दिवसांत. ही करुणा खरी की हंगामी, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या कलाप्रमाणे देण्यापेक्षा या काळात चर्चमध्ये जे वाचले जाते त्यात शोधलेले बरे.

तीन वर्षांच्या पाठचक्रात एकदा, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, लूकच्या शुभवर्तमानातला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रसंग येतो. लोक त्याला विचारतात, आम्ही करायचे काय? तो उपास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, एवढेच सांगतो. मग जकातदार येतात. त्यांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नका, पगारात भागवा. उपदेशात बहुधा पहिल्या उत्तरावरच भर राहतो. मला महत्त्वाची वाटतात ती पुढची दोन. दानापासून सुरू झालेले बोलणे दोन वाक्यांत वसुली आणि पगारावर येते. चौथ्या शतकात, पुढे कैसरियाचा बिशप झालेल्या बेसिलनेही दुष्काळात अन्नछत्र चालवले आणि त्याच दमात श्रीमंतांना बजावले, की तुमच्या पेटाऱ्यात पडून असलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याचे त्याला परत करतो. आगमनकाळातली करुणा या मापाने मोजली तर हिशेब बराच अवघड होतो.

छत्तीसगढात हा हिशेब तपासायला इतिहास भरपूर आहे. रसमड्यावरून जाणारा लोहमार्गच दुष्काळाशी जोडलेला. 1878च्या दुष्काळानंतर नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचे काम सुरू झाले आणि 1882 मध्ये रूळ राजनांदगावला पोचले. रेल्वे आली तरी 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत उजाड केला, 1901च्या शिरगणतीत लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. त्या पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि अनाथ मुली, बालविधवा सोबत घेऊन आल्या. त्यांचे केडगावचे मुक्तिसदन वाढले ते या मुलींमुळे. धमतरीला 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट पंथाचे मिशनरी आले, त्यांच्या कामाची सुरुवात अन्नवाटप आणि अनाथालयाने झाली, पुढे 1910 मध्ये तिथे रुग्णालय निघाले. भुकेल्याला घास देऊन थांबणे सोपे होते. हे लोक थांबले नाहीत, हे मान्य करायला हवे. पण दुसरी बाजूही आहे. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर यांनी 1868 मध्ये वसवलेल्या विश्रामपूरमध्ये मिशनच गावचे मालगुजार होते. ज्याच्याकडून धर्माची शिकवण घ्यायची त्यालाच जमिनीचा सारा द्यायचा. दुसरा अंगरखा त्यांनी दिला असेल. जकातदाराला दिलेले उत्तर मात्र तिथे अडचणीचे झाले असणार.

इथेच सर्वांत जुना आक्षेप येतो: सेवा हे आमिष आहे. हा आक्षेप हवेतला नाही. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिच्या 1956च्या अहवालात शाळा, दवाखाने, अनाथालये यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा ठपका होता, आणि 1968च्या कायद्याने बळ, फसवणूक वा प्रलोभनाने केलेले धर्मांतर गुन्हा ठरले. हा संशय आजही विझलेला नाही. 25 जुलै 2025 रोजी, रसमड्याच्या शेजारच्या दुर्ग स्टेशनवर, केरळच्या दोन नन्स आणि एका आदिवासी तरुणाला मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. 2 ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. आरोप खरे की खोटे हे न्यायालयाचे काम. आपण एवढे म्हणू शकतो, की उपाशी किंवा आजारी माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याला दिलेल्या घासाला कुठलीही अट चिकटू नये. यावर सर्वांत सणसणीत उत्तर दिले ते वादविवादाने नव्हे, एका रोग्याने. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतले मराठी कर्मचारी. कुष्ठरोग झाला म्हणून ते मिशनच्या कुष्ठाश्रमात दाखल झाले. तिथे रोग्यांवर धर्मांतराचा दबाव येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते बाहेर पडले आणि 1962 मध्ये चांप्याजवळ त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला. मेनोनाइटांचा कुष्ठाश्रम 1902 पासून त्याच चांप्यात होता. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तिथे आले आणि 2019 मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. कात्र्यांचा राग मिशनवर होता. रोग्याच्या जखमा धुण्याची रीत मात्र त्यांनी टाकली नाही. ख्रिस्ती वाचकाने यात आपला पराभव पाहू नये. अंगरखा कुणी दिला याची नोंद योहानाने मागितलेली नाही.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतून येतो. मजुरी, ठेकेदारी, वजनकाटा हे राजकारण. चर्चने दयेपुरते पाहावे. या भागात असे म्हणणे विशेष कठीण आहे. भिलाईच्या कारखान्यांतल्या ठेका मजुरांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी (समितीच्या नियोगींशी संबंध नाही, नावाचा योगायोग तेवढा) यांचा 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत गोळी घालून खून झाला. ते काही चर्चचे माणूस नव्हते. पण ठरलेल्या मजुरीतून चार पैसे कापणारा ठेकेदार, किंवा धान मोजताना काटा मारणारा व्यापारी, डिसेंबरात शंभर ब्लँकेटे वाटतो तेव्हा तो योहानाच्या पहिल्या उत्तराने दुसरे झाकत असतो. ‘भुकेल्याला न्याय नंतर, भाकरी आधी’ हेही खरेच. थंडीत कुडकुडणाऱ्याला मजुरी कायद्याचे कलम पांघरता येत नाही. म्हणून ब्लँकेट द्यावेच. फक्त ते देणाऱ्याच्या हजेरीपटावर कोण आणि किती रोजावर आहे, हेही त्याच रविवारी पाहावे.

नाताळ आटोपला की महिन्याभरात पौष पौर्णिमा येते आणि छत्तीसगढात छेरछेरा होतो. धान घरात आलेले असते. पोरे, जाणती माणसे टोळ्यांनी दारोदार जाऊन धान मागतात. मागण्यात कमीपणा नाही, कारण सधन घरची मुलेही झोळी घेऊन निघतात, आणि ज्या दारी त्यांना पसाभर धान मिळते त्या घरची मुले त्यांच्या दारी येऊन उभी राहतात. डिसेंबरातल्या ब्लँकेटवाटपाच्या रांगेत मात्र एका बाजूला दरवर्षी तेच असतात, आणि दुसऱ्या बाजूलाही तेच.