चोडणच्या पाण्यात होडी लावताना

सुरतेतील गोडादऱ्याहून जुन्या गोव्यास यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांनी मांडवी नदीतील चोडण बेटही अवश्य पाहावे. तेथील डॉ. सलीम अली पक्षी-अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर. वनखात्याच्या परवानगीनेच आत जावे. होडी भरतीच्या पाण्यात लोटावी. ओहोटीत ती चिखलात रुतते. तिचा दोर खारफुटीस बांधू नये, नांगरही मुळांत टाकू नये. चिखलातून वर आलेल्या त्या मुळांवाटे झाड श्वास घेते आणि त्यांच्याच आश्रयाने मासळीची पिल्ले वाढतात. मुळे तुटली की पाखरू उपाशी व कोळ्याचे जाळेही रिते! चिमणीचीही चिंता वाहणाऱ्या स्वर्गीय पित्याच्या लेकरांनी एवढे भान राखू नये काय?