आजोबांचं खेळणं कोण घेणार?

महाराष्ट्राचं ॲनिमेशन धोरण मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा, दोन लाख रोजगार हे आकडे आता वाचकांना पाठ झाले असतील. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतही एकच प्रश्न कानावर येतो: पोराला ॲनिमेशनला घालावं का? घालायला हरकत काहीच नाही. पण संगणक शिकून, सॉफ्टवेअर शिकून झाल्यावर तो पोरगा काढणार काय, हे कोणी विचारत नाही. परदेशी स्टुडिओने धाडलेल्या चित्रपटातली पार्श्वभूमी रंगवणार, की आणखी एक बालगणेश?

मला या निमित्ताने सारखा आठवतो तो पिक्सारचा ‘अप’. २००९ चा सिनेमा. घरोघरी मुलांनी पाहिलेला, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तिरसट कार्ल, आठ वर्षांचा बडबड्या रसेल आणि फुग्यांना टांगलेलं घर, एवढं पुरे. कान महोत्सवाचं उद्घाटन ॲनिमेशनपटाने होण्याची ती पहिलीच वेळ होती, पुढे दोन ऑस्कर मिळाले, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट प्रदर्शनाच्या आधीची आहे. शेअर बाजारातल्या काही विश्लेषकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. म्हाताऱ्याचा सिनेमा मुलं का पाहतील, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्याचं खेळणं कोण विकत घेईल? पिक्सारची खेळणी बनवणाऱ्या कंपनीनेही या वेळी अंग काढून घेतलं. सिनेमाला खर्च आला साडेसतरा कोटी डॉलर. जगभरातून जमले सुमारे साडेत्र्याहत्तर कोटी.

विश्लेषक चुकले, यात मला गंमत वाटत नाही. ते नेहमीच चुकतात. गंमत याची, की दिग्दर्शक पीट डॉक्टर आणि सहदिग्दर्शक बॉब पीटरसन यांनी म्हाताऱ्याला गोड करून विकायचा मोह टाळला. कार्ल चौकोनी आहे. डोकं चौकोनी, चष्मा चौकोनी, खुर्चीसुद्धा चौकोनी. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात, कार्लची जेमतेम तीन. त्याची गेलेली बायको एली गोलाईत काढली आहे आणि रसेल तर सरळ अंड्याच्या आकाराचा. म्हणजे एका चौकटीत कार्ल आणि रसेल उभे राहिले, की कोण अडून बसणार आणि कोण गडगडत पुढे जाणार हे शब्दावाचून कळतं. कार्ल-एलीचा अख्खा संसार सुमारे चार मिनिटांत, एकाही संवादाशिवाय उरकलाय. आपल्या मालिका त्यासाठी चार वर्षं घेतात.

आता फुगे. माझा यातला रस थोडा जास्तच आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी फुगेवाले उभे असतात आणि कार्लचा धंदाही प्राणिसंग्रहालयात फुगे विकायचाच. तेव्हा नागपूरकराला हा हिशेब करायचा हक्क आहे. फूटभर व्यासाच्या फुग्यात साधारण चौदा लिटर हेलियम मावतं. एक लिटर हेलियम ढोबळमानाने एक ग्रॅम वजन उचलतं. रबर आणि दोरा यांचे चारेक ग्रॅम वजा केले, तर एका फुग्याच्या पदरात दहा ग्रॅम उरतात. किलोला शंभर फुगे, टनाला एक लाख. चार खोल्यांचं, विटांचं आणि स्लॅबचं घर शंभर टनांच्या आसपास धरलं तर एक कोटी फुगे. महालातल्या सागवानी वाड्याचं नावच काढू नका. पिक्सारच्या तंत्रज्ञांनी स्वतः केलेला अंदाज दोन ते तीन कोटींचा होता.

पडद्यावर मात्र घर उचललं जातं तेव्हा फुगे असतात २०,६२२ आणि उडतानाच्या बहुतेक दृश्यांत तर १०,२९७. आपल्या हिशेबाने उचलतानाच्या फुग्यांनी उचलली जाईल एक बुलेट, तीही चालवणारा खाली उतरल्यावर. पण एवढेच फुगे काढले म्हणून डोळ्यांना ते फुगे वाटतात. कोटभर काढले असते तर आभाळात रंगीत ढग दिसला असता. आणि हे दहा-वीस हजार फुगेही कोणी एकेक करून हलवलेले नाहीत. फुग्याने शेजारच्या फुग्याला कसं ढकलायचं, दोरा कसा ताणायचा, याचे नियम संगणकाला दिले आणि गर्दी आपली आपण हलू लागली. ॲनिमेशनच्या वर्गात हे शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. तक्रार तिथे नाहीच.

बरं, हा प्रयोग नागपुरात करायचा तर महिना पाहून करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की हवा पातळ होते आणि पातळ हवेत फुग्याची उचल घटते. जानेवारीच्या थंड पहाटेच्या तुलनेत ही घट दहा टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे त्याच घराला दहा लाखांहून अधिक फुगे जादा. सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्राचे फुगे तर रोजच चढतात, एक पहाटे, एक संध्याकाळी. जगभरची केंद्रं आपापले फुगे एकाच घटकेच्या आसपास सोडतात, आणि ती घटका आपल्याकडे साडेपाचला येते. त्यांच्यात हायड्रोजन भरतात, कारण तो हेलियमपेक्षा स्वस्त आणि उचलतोही थोडं जास्त. खाली टांगलेलं छोटं यंत्र तापमान, दाब आणि आर्द्रता कळवत राहतं. वर जाता जाता फुगा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. उद्याच्या पावसाचा अंदाज चुकला म्हणून आपण ज्या खात्याला हसतो, त्याची माहिती अशी गोळा होते.

खरं घर उडवूनही झालंय. मार्च २०११ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या एका कार्यक्रमासाठी कॅलिफोर्नियात हवामान खात्याच्या जातीचे आठ-आठ फुटांचे तीनशे फुगे एका मुद्दाम हलक्या बांधलेल्या घराला जोडले. घर दहा हजार फुटांवर गेलं आणि तासभर तरंगलं. फुगेपुराण इथे संपलं.

घर उडतं ते कशामुळे, याकडे आपण मुलांसोबत पाहताना दुर्लक्ष करतो. चहूबाजूंनी इमारती उठताहेत, बिल्डर दारात उभा आहे आणि म्हातारा जागा सोडत नाही. नागपूरच्या रामदासपेठेत, धरमपेठेत हे रोज घडतं. आंगण, पेरूचं झाड आणि झोपाळा जाऊन तिथे फ्लॅटची स्कीम उभी राहते. सिॲटलच्या ईडिथ मेसफिल्ड यांनी २००६ मध्ये दहा लाख डॉलर नाकारले आणि त्यांच्या घराच्या तीन बाजूंनी व्यापारी संकुल उभं राहिलं. ‘अप’ त्यांच्यावरून सुचला असं लोक सांगतात, पण पिक्सारची मंडळी या सिनेमासाठी व्हेनेझुएलातले पठारी डोंगर पाहायला गेली ती २००४ मध्येच. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते: त्या बांधकामाचे प्रमुख बॅरी मार्टिन हळूहळू त्यांना दवाखान्यात नेऊ लागले, स्वयंपाक करू लागले, आणि २००८ मध्ये बाई गेल्या तेव्हा घर त्यांनी याच माणसाच्या नावे केलेलं होतं. असा बिल्डर आपल्या एखाद्या सिनेमात दाखवला तर लोक कपोलकल्पित म्हणतील.

आपल्याकडे यातलं काय आहे? ॲनिमेशन आहे, आणि ते जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमाराला ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या. प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबुकाका’ केला. व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ २००५ मध्ये आला आणि चालला. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने ‘दिल्ली सफारी’ केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ झाला आणि २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ने तिकीटबारीवर तीनशे कोटींपुढे मजल मारली. देव, राजा, प्राणी. साधा म्हातारा माणूस, ज्याचे गुडघे दुखतात आणि ज्याचं कोणाशी पटत नाही, तो या रांगेत नाही. वयाने मोठं माणूस ठळकपणे आलंच तर ते हिरण्यकशिपूच्या रूपात, पोराला कड्यावरून ढकलायला.

आणि म्हातारा-पोर ही जोडी तर मराठी सिनेमाचं हुकमी बळ. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आठवा. दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढतात, जग दाखवायला. याला साहस म्हणायचं नाही तर कशाला? ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते या सिनेमामुळे. आमच्या चित्रकारांनी ‘श्वास’ पाहिला नाही आणि आमच्या दिग्दर्शकांनी पेन्सिल धरली नाही, एवढाच काय तो घोळ.

एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. मुंबईच्या गीतांजली राव या जे. जे.मधून शिकलेल्या चित्रकार. त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट २००६ चा, म्हणजे ‘अप’च्या तीन वर्षं आधीचा. उंच इमारतीतल्या खोलीत एक म्हातारी आणि तिची मांजर. म्हातारीकडे काड्यापेट्यांचा संग्रह आहे आणि त्यांच्यावरच्या चित्रांत शिरून ती भटकून येते. घर न सोडता साहस! कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्याला तीन पुरस्कार मिळाले. पुढे २०१९ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा केला, साठेक कलाकारांनी चौकट न् चौकट रंगवलेला. त्यात फुलं विकणाऱ्या घरातली छोटी तारा शर्ली डिसूझा या एकट्या राहणाऱ्या, एकेकाळी सिनेमात वावरलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे इंग्रजी शिकायला जाते. शर्लीबाई रस्त्याने चालू लागतात तसा आजूबाजूचा रंग उतरत जातो आणि १९५० च्या काळातली कृष्णधवल मुंबई उभी राहते. नटनट्यांना घेऊन हे करायचं तर सेट लावावे लागले असते. इथे कुंचल्याने भागलं. कार्लपेक्षा शर्लीबाई मला जवळच्या वाटतात. सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे, पण लहान मुलांना लावून देण्याआधी स्वतः पाहा. प्रेमप्रकरण आणि गुंडगिरी त्यात भरपूर आहे. म्हणजे मुलांच्या वाट्याचा कप्पा तेवढा रिकामाच राहिला.

तो भरायला नागपुरातून बाहेर जायची गरज नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी एका पावसात झोपडपट्टीतली पोट्टी तुटकी बादली फुटबॉलसारखी तुडवताना पाहिली आणि त्यांच्या हातात खरा चेंडू दिला. २००१ पासून त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. २०१६ मध्ये फिफाने त्याला विविधतेचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये त्यावर ‘झुंड’ केला, अमिताभ बच्चन यांना घेऊन आणि इथल्या वस्त्यांमधली पोरं निवडून. चांगला केला. पण मोठा नट उभा राहिला की चौकट त्याच्याकडे झुकते, आणि तीन तासांच्या सिनेमात त्या बादलीला किती जागा मिळणार? चित्रात ती बादली लाथ बसली की कळवळू शकते, चिखल मैदानाएवढा होऊ शकतो, मास्तर कार्लसारखे चौकोनी आणि पोट्टी गोटीसारखी वाटोळी काढता येतात. पाऊस, बादली, एक मास्तर आणि दहा-बारा पोट्टी, एवढ्यावर दहा मिनिटांचा लघुपट होतो. रामटेकजवळच्या चित्रनगरीची घोषणा प्रत्यक्षात येण्याची वाट पाहायचीही गरज नाही. गीतांजली राव यांनी पंधरा मिनिटांचा लघुपट एकटीने केला होता, तीन वर्षांत.