माझे बिनपगारी मदतनीस

आमच्या मागच्या गॅलरीत, जिथे इतरांच्या घरी कपड्यांच्या दोऱ्या आणि तुळशीच्या कुंड्या असतात, तिथे एक जाडजूड टेबल आहे. त्या टेबलावर सहा-सात ओबडधोबड लाकडी वस्तू सदैव पडलेल्या असतात. येणारा पाहुणा त्यांतली एखादी हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो आणि सौजन्याने विचारतो, "हे अजून पुरं व्हायचंय वाटतं?" ती पुरी झालेली असते. घरात तिचा काडीचाही उपयोग नसतो, हे मात्र खरे. ती दुसऱ्या वस्तू करण्यासाठी केलेली वस्तू असते. इंग्रजी पुस्तकांत तिला 'जिग' म्हणतात. माझा पेशा मराठी शिकवण्याचा, त्यामुळे यासाठी चांगला मराठी शब्द शोधण्यात मी बरेच दिवस वाया घालवले. शेवटी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना विचारले. "फर्मा म्हणा की," ते म्हणाले, आणि पुन्हा रंधा मारू लागले. कोशांत घातलेला सगळा वेळ त्या तीन शब्दांनी परत केला.

हे फर्मे मी हौसेने केलेले नाहीत. त्यामागे एक अपघात आहे आणि त्याचा दोष सर्वस्वी माझ्याकडे जातो.

सुतारकामाचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. पुण्याच्या बोहरी आळीतून एक करवत, एक लोखंडी रंधा, तीन पटाश्या आणि एक गुण्या आणला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सागाचे उरलेसुरले तुकडे आणले. पहिले काम म्हणजे पुस्तकांची मांडणी. ती डावीकडे किंचित कलली. आमच्या सौभाग्यवतींनी ती मुकाट्याने भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "अहो, भिंतीशी असली की छानच दिसते." या उत्तेजनाने चेकाळून मी एक स्टूल केले. अठरा इंच उंच, चार सरळ पाय, वर सागाची फळी. पॉलिश इतके झकास जमले होते की खालचे पाय कुणी पाहिलेच नाहीत.

२०२२ सालची दिवाळी तोंडावर आली होती. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कॉलेजात असताना आई त्या स्टुलावर चढून माळ्यावरचा पणत्यांचा डबा काढायला गेली. डबा हाताशी आला, तिने वजन एका बाजूला टाकले आणि स्टूल डुगले. मनगटाचे हाड मोडले. त्या वर्षी आमच्या घरी करंज्या आई खुर्चीत बसून सांगत होती आणि आम्ही लाटत होतो. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्याशी अडकवलेला. स्टुलाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. कोणी विचारले की म्हणायची, "माझाच तोल गेला." ते ऐकणे मला प्लास्टर पाहण्यापेक्षा जड जाई.

स्टूल मी गॅलरीत उलटे घालून ठेवले होते. दिवाळीनंतर दाराची चौकट दुरुस्त करायला मिस्त्री आले तेव्हा त्यांची नजर त्यावर गेली. त्यांनी टेप मागितला नाही. एक कामटी उचलली, प्रत्येक पायाला लावली आणि नखाने खूण केली. चार पायांच्या तीन निरनिराळ्या खुणा! "हा बघा, एक सूत आखूड," ते म्हणाले. सुतारांच्या हिशेबात एका इंचाची आठ सुते. म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. "सर, तुम्ही चार पाय चार वेळा मोजलेत. चारदा मोजलं की चार मापं येणारच." आणि मग, जरा थांबून, "शिवाय उभं राहायच्या स्टुलाचे पाय असे सरळ नसतात. खाली पसरट पाहिजेत."

गावच्या बलुतेदारीत सुताराचे स्थान का मोठे होते, हे मला त्या दिवशी कळले. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दावरून आला, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो. नाटकातला सूत्रधार आणि लाकडावर सूत धरणारा कारागीर, दोघांचे नाते सांगताना मुले खूश होत. पण ते सूत हातात धरायचे असते, ही गोष्ट माझ्या टिपणांत नव्हती.

मिस्त्रींची बैठक पाहण्यासारखी असते. ते जमिनीवर बसतात, लाकूड पायाच्या तळव्यांत आणि अंगठ्याशी पकडतात आणि करवत चालवतात. पाय हाच त्यांचा शिकंजा. त्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. मी तसे बसून पाहिले. दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या आल्या आणि विसाव्या मिनिटाला करवत अंगठ्यापासून दोन बोटांवर आली. तेव्हा ठरवले, की जे काम त्यांचे पाय आणि चाळीस वर्षांची सवय करते, ते माझ्यासाठी लाकडाच्या तुकड्यांनीच करावे. फर्मा म्हणजे उसनी घेतलेली सवय, दुसरे काय?

पहिला मदतनीस सर्वांत साधा. वीतभर रुंद आणि त्याहून थोडी लांब अशी एक फळी घ्यायची. तिच्या एका कडेला खालून एक पट्टी आणि समोरच्या कडेला वरून दुसरी पट्टी, अशा दोन पट्ट्या स्क्रूने व सरसाने बसवायच्या. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकते. करवत पुढे रेटली की लाकूड पट्टीवर दाबले जाते आणि जागचे हलत नाही. अर्ध्या तासाचे काम आहे, पण केल्यावर वाटते की आजवर आपण एका हाताने पोहत होतो. एक सावधगिरी: ही रचना पुढे रेटताना कापणाऱ्या करवतीसाठी. जपानी करवत ओढताना कापते. तिच्यासाठी अडसर उलट बाजूला हवा.

याच फळीवर मी पुढे एक ठोकळा पक्का केला आणि त्या ठोकळ्याने माझे स्टूल वाचवले. लाकडाचे टोक ठोकळ्याला भिडवायचे आणि कापायचे. दुसरा तुकडा, तिसरा, चौथा, सगळे तिथेच भिडवायचे. मोजमाप एकदाच, ठोकळा बसवताना. माप चुकले तर चारही पायांत सारखेच चुकते, आणि सारखे चुकलेले स्टूल डुगत नाही. तरीही माझा एक तुकडा आखूड आलाच. कारण शोधता शोधता सापडले ते ठोकळ्याच्या पायथ्याशी साठलेल्या भुशात. भुसा मध्ये आला की लाकूड ठोकळ्याला भिडत नाही आणि तेवढे आखूड कापले जाते. ठोकळ्याची खालची कड पटाशीने तिरपी तासली; आता भुसा त्या फटीत जाऊन पडतो.

दुसरा मदतनीस मला अधिक प्रिय आहे, आणि त्यानेच मला अधिक छळले. कापलेले टोक अगदी काटकोनात रंधून घेण्यासाठी दोन फळ्या पायरीसारख्या एकावर एक बसवतात. वरच्या फळीवर एक आडवी पट्टी काटकोनात असते, तिला लाकूड टेकवायचे. रंधा कुशीवर आडवा करून खालच्या पायरीवरून सरकवायचा. पाते लाकडाच्या टोकावरून सालीसारखी पातळ ढलपी काढत जाते. टोकाला मागून पट्टीचा आधार असल्यामुळे कडेची चिरफळी उडत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत रंधा वरच्या फळीची कडही खातो, घाबरू नये. पाते रंध्याच्या तळाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचत नाही, म्हणून खाली एक बारीक पट्टी शिल्लक राहते आणि पुढे रंधा तिच्याच आधाराने चालतो.

हे सगळे मी मे महिन्यात आंब्याच्या फळीचे केले होते. जुलैत पाहतो तर तो काटकोन मुळीच काटकोन राहिला नव्हता! लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीला, ते जवळजवळ वाढत नाही. एका दिशेला फुगून दुसरीला न वाढणारी वस्तू वाकडी होणार नाही तर काय? मिस्त्रींना सांगितले तर हसून म्हणाले, "लाकूड मेलं तरी पाणी पितं, सर." त्यानंतर सर्व फर्मे प्लायवूडचे केले. त्यात पातळ थर एकमेकांशी आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही.

आता प्रश्न गुण्याचा. फर्मा काटकोनात आहे हे गुण्या सांगणार. पण गुण्या काटकोनात आहे हे कोणी सांगावे? युक्ती सोपी आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक. माझा नवाकोरा गुण्या या परीक्षेत नापास झाला. दुकानाचे नाव सांगत नाही. शब्द मात्र देखणा आहे. फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याच्या मुळाशी कोन या अर्थाचा ग्रीक 'गोनिया' आहे. रंधाही फारसीतलाच, आणि करवत संस्कृतातल्या 'करपत्रा'ची लेक. सुताराची पेटी उघडली की भाषेचा इतिहासच उघडतो. पण हा विषय काढला की घरातले एकेक उठून जातात, म्हणून आवरतो.

या युक्त्या नव्या नाहीत. आंद्रे रूबो हा फ्रेंच सुतार. त्याचा सुतारकामावरचा प्रचंड ग्रंथ १७६९ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्यातल्या चित्रांत लाकूड अडवणारी दातेरी लोखंडी खुंटी आणि ते टेबलावर दाबून धरणारा आकडा, दोन्ही दिसतात. उभ्याने काम करणाऱ्या त्या सुतारांनाही पायाच्या अंगठ्याऐवजी काहीतरी हवेच होते.

नवे स्टूल करायला मला पाच महिने लागले. अरुंद बाजूला पाय बाहेर झुकलेले हवे होते, म्हणून तीन फळ्यांची एक उघडी पेटी केली आणि तिच्यात सरळ रेषेपासून दहा अंश तिरकी खाच पाडली. करवत त्या खाचेतूनच चालते. एक पाय वाया गेला. दुसरे टोक कापताना लाकूड नुसते पुढे सरकवायचे होते, ते मी पालथे केले, आणि दोन्ही टोकांचे उतार परस्परविरुद्ध आले. बाकीचे चार पाय एकाच ठोकळ्याशी, एकाच खाचेतून निघाले.

मिस्त्री पाहायला आले. त्यांनी पुन्हा कामटी लावली, नखाने खूण केली. चौघांची एकच खूण. काही बोलले नाहीत. जाताना मात्र ती दोन पट्ट्यांची फळी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. गुडघे धरतात हल्ली, म्हणाले, खाली बसलं की उठवत नाही; नातू उभं राहून काम करा म्हणून मागे लागलाय. ती फळी मी त्यांना देऊन टाकली आणि संध्याकाळी स्वतःसाठी दुसरी केली.

आईने ते स्टूल आठवडाभर नुसते लांबून पाहिले. मग एके दिवशी आली आणि त्याचे चारही कोपरे तळहाताने एकेक करून दाबून पाहिले. मनगट अजूनही पूर्ण वळत नाही, म्हणून डाव्या हाताने. मग तिने ते उचलून माळ्याखाली नेऊन ठेवले.

"पणत्यांचा डबा काढायचाय," ती म्हणाली. "चढ तू. मी धरते."